कावळा बसला आणि फांदी मोडली : मध्ययुगीन युरोपातला कार्यकारणाचा काथ्याकूट

भुसावळ पॅसेंजर (धागाकर्ता)

मध्यंतरी इथे 'देव आहे की नाही' छापाचा एक धागा नेहमीप्रमाणे पेटला आणि नेहमीप्रमाणे कुलूप लागून बंद झाला. त्यात एकाने लिहिलं होतं की प्रत्येक गोष्टीला कारण असतं, मग जगालाही असणार, ते म्हणजे देव, मग देवाला कारण कोण, संपला विषय. खाली +१ ची रांग. देव आहे की नाही हा वाद तिकडेच राहू दे, मला त्यात पडायचं नाहीये. मला खटकलं ते एवढंच की ज्यांच्या नावावर हे आर्ग्युमेंट खपवलं जातं, म्हणजे १३व्या-१४व्या शतकातली पॅरिस आणि ऑक्सफर्डची मास्तर मंडळी, त्यांच्यातले मोठे लोक असं बोलतच नव्हते. ते म्हणायचे की जे बदलतं ते दुसऱ्या कशामुळे तरी बदलतं, आणि कुठलीही गोष्ट स्वतःच स्वतःला जन्माला घालत नाही. ह्यात 'प्रत्येक गोष्टीला कारण असतं' हे कुठेही येत नाही, परत वाचून बघा.

दुसरं म्हणजे आपल्याला वाटतं की हे लोक काळात मागे मागे जात होते, मुलगा, बाप, आजा, पणजा, खापरपणजा आणि मग कुठेतरी पहिला धक्का. थॉमस ॲक्वायनसने (१२२५-१२७४) तर साफ लिहून ठेवलंय की जगाला सुरुवात होती हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेने मानायचं. ह्यावर आजूबाजूचे लोक कुरकुरायला लागले तर त्या कुरकुरणाऱ्यांच्या विरोधात पठ्ठ्याने वेगळं छोटं पुस्तक लिहिलं. म्हणजे बाप-आजा साखळी मागे अनंत गेली तरी त्याचं काही बिघडत नव्हतं. त्याचं उदाहरण आहे हातोड्याचं. कारागीर काम करतोय, एक हातोडा मोडला, दुसरा घेतला, तो मोडला, तिसरा घेतला. आत्ताच्या हातोड्याला आधीच्या हातोड्याशी काहीही देणंघेणं नाही, आधीचा मोडला काय नि हरवला काय. अशी रांग कितीही लांब असू दे. बाप-मुलगाही तसंच, आजोबा वारले म्हणून बापाला मूल व्हायचं थांबत नाही.

पण हाताने काठी हलवली आणि काठीने दगड ढकलला, तर इथे काठी ढकलते ती हात आत्ता, ह्या क्षणी ढकलतोय म्हणून. हात काढा, काठी काहीच करत नाही. ही दुसऱ्या जातीची साखळी, आणि ते म्हणायचे की ही साखळी अनंत असू शकत नाही, कारण मधल्या सगळ्यांची ताकद उसनी आहे, कुणाकडे तरी स्वतःची पाहिजे. डन्स स्कोटसने (१३०८ साली गेला, चाळिशीच्या आसपासच असेल) हा फरक एकदम घासूनपुसून मांडला: एक, खालचं कारण *कारण म्हणून काम करायला* वरच्यावर अवलंबून असतं, नुसतं जन्मापुरतं नाही, दोन, वरचं कारण वेगळ्या दर्जाचं असतं, आणि तीन, सगळी कारणं एकाच वेळी हजर लागतात. हे तीन पॉइंट डोक्यात ठेवा, पुढे लागतील.

आता ही कल्पना त्यांनी हवेतून काढली नव्हती. अरिस्टॉटलची चार कारणं बहुतेकांना माहीत असतील, पुतळ्याचं ब्राँझ हे उपादान, त्याचा आकार, घडवणारा मूर्तिकार म्हणजे निमित्त, आणि कशासाठी घडवला ते प्रयोजन. पण अरिस्टॉटलचं 'घडवणारं' कारण म्हणजे मुख्यतः हालचाल सुरू करणारं. बुखारा-हमादानकडच्या इब्न सीनाने (९८०-१०३७) विचारलं की गवंडी मेला तरी घर उभं राहतंच ना? मग गवंडी घराच्या *असण्याचं* कारण कसा? तो फक्त विटा इकडून तिकडे हलवण्याचं कारण. घर उभं आहे ते विटामातीच्या स्वभावामुळे, आणि एखाद्या गोष्टीच्या असण्याचं जे खरं कारण ते ती गोष्ट आहे तोवर सोबत असलंच पाहिजे. १२व्या शतकात तोलेदोमध्ये हे लॅटिनमध्ये आलं आणि पॅरिसवाल्यांना खजिनाच मिळाला. ॲक्वायनस ह्याच्यावरच पुढे म्हणतो की सूर्य मावळला की हवेत उजेड साठून राहत नाही, तसं देवाने हात काढला तर जग राहणार नाही. म्हणजे निर्मिती ही कधीतरी झालेली घटना कमी आणि आत्ता चालू असलेली गोष्ट जास्त.

आता माझ्या आवडीचा भाग. जर देव सगळं आत्ता, ह्या क्षणी धरून आहे, तर मग कापूस कोण जाळतो, विस्तव की देव?

बगदादच्या निझामिया मदरशात शिकवणारे अल-गझाली (१०५८-११११) म्हणाले की तुम्ही काय पाहता? विस्तव कापसाला लागला आणि कापूस जळाला. *लागल्यावर* जळाला हे दिसतं, *लागल्यामुळे* जळाला हे दिसत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, बास, एवढंच हातात आहे. जाळणारा देव, विस्तव हा नुसता त्याचा नेहमीचा रिवाज. ह्यावर कोर्दोबाचे इब्न रुश्द (११२६-११९८) भडकले, की वस्तूंना स्वतःचं कामच नसेल तर वस्तूंना स्वभाव नाही, स्वभाव नाही तर ज्ञान कशाचं, कारणं नाकारणं म्हणजे बुद्धीच नाकारणं.

आणि ॲक्वायनस इथे जे म्हणतो ते मला फार भारी वाटतं. तो इब्न रुश्दच्या बाजूचाच, पण त्याचं मुख्य आर्ग्युमेंट देवाच्या बाजूने आहे. विस्तव काहीच करत नाही असं म्हणणं म्हणजे देवाला दुसऱ्याला ताकद देता येत नाही असं म्हणणं. ज्याला फक्त स्वतःलाच सगळं करावं लागतं त्याच्यापेक्षा ज्याने केलेल्या वस्तू स्वतःही काहीतरी करतात तो मोठा. निर्मितीचं मोठेपण कमी केलं की निर्मात्याचंच कमी होतं. त्यामुळे कापूस पूर्ण विस्तवाने जाळला आणि पूर्ण देवाने जाळला, पन्नास-पन्नास टक्के भागीदारी नाही, वेगवेगळ्या पातळीवर दोघांनी शंभर टक्के.

आपल्याकडे ह्या सगळ्याला 'श्रद्धा विरुद्ध बुद्धी' अशा खोक्यात टाकायची सवय आहे. इथे विस्तवाला ताकद देणारेही देवाच्या नावाने देत होते आणि काढून घेणारेही देवाच्याच नावाने. एवढंच म्हणायचं होतं, लांबलं. ह्याच वादात १४व्या शतकात उतरलेले दोघे, ऑकम आणि निकोलस, ह्यांच्यावर कुणाला इंटरेस्ट असेल तर प्रतिसादात लिहितो.

---

लिंबूसरबत

वाचलं. दोनदा वाचलं. पन्नास-पन्नास नाही शंभर-शंभर हे वाचून आमच्या बिल्डरची आठवण आली, तोही असंच सांगतो. पण छान लिहिलंय हो, लिहा ऑकमवर.

---

तर्कटराव | काठी एकदम हलत नाही

लेख चांगला आहे पण मूळ उदाहरणच गंडलेलं आहे. हात ढकलतो आणि काठी 'त्याच क्षणी' दगड ढकलते हे फिजिक्सच्या दृष्टीने चूक. काठीच्या एका टोकाचा धक्का दुसऱ्या टोकाला पोचायला वेळ लागतो, लाकडातून आवाजाच्या वेगाने जातो. उजेडालाही वेळ लागतो. म्हणजे तुम्ही म्हणता ती 'एकाच वेळी' वाली साखळी निसर्गात अस्तित्वातच नाही, सगळ्या साखळ्या हातोडेवाल्याच आहेत. मग स्कोटसचा तिसरा पॉइंट गेला आणि त्याच्यावरची माडी पण गेली.

---

भुसावळ पॅसेंजर

तर्कटराव, आक्षेप कडक आहे आणि गंमत म्हणजे ह्याच्या जवळचा आक्षेप त्यांच्याच घरातून आला होता, सहाशे-सातशे वर्षांपूर्वी.

उजेड क्षणात पसरतो असं ॲक्वायनस मानायचाच, त्यात वाद नाही. पण खरा घोळ फेकलेल्या दगडाचा होता. दगड हातातून सुटला, हात खिशात गेला, तरी दगड चाललाय, मग आत्ता त्याला कोण ढकलतंय? अरिस्टॉटल म्हणायचा हवा ढकलते. पॅरिसच्या जाँ बुरीदानने (१४व्या शतकाचा पूर्वार्ध, युनिव्हर्सिटीत दोनदा रेक्टर) ह्याची पार हवाच काढली. तो म्हणाला लोहाराचं धार लावायचं चाक बघा, हात काढल्यावरही जागच्या जागी फिरत राहतं, त्याच्या मागे हवा कुठून शिरणार? प्रवाहाच्या उलट ओढलेलं जहाज दोर सोडल्यावरही बराच वेळ पुढे जातं, वर उभ्या असलेल्या खलाशाला हवा मागून ढकलतेय असं जाणवत नाही, उलट समोरून लागते. त्यामुळे फेकणारा दगडात काहीतरी भरतो, त्याला त्याने इंपेटस म्हटलं, जितका वेग नि जितका माल तितकं जास्त. आणि मग अगदी सहज, जाता जाता म्हणतो की देवाने सुरुवातीलाच आकाशगोलांमध्ये असं भरून ठेवलं असेल तर त्यांना फिरवत बसायला देवदूतांची गरज नाही, कारण तिथे घर्षण करणारं काही नाही.

आता बघा हे काय झालं. हात-काठी-दगड मधला हात काढला तरी साखळी चालूच. वरच्या कारणाची सततची हजेरी लागेना. बुरीदानला स्वतःला देवाच्या सततच्या आधाराबद्दल शंका नव्हती, पण हालचालीच्या बाबतीत तरी हजेरीपट हलका झाला.

तरी पण तुमचं 'माडी गेली' मला पटत नाही. त्यांच्या लेखी मुद्दा घड्याळाचा नव्हता, उसन्या ताकदीचा होता. धक्का पोचायला वेळ लागला तरी काठीची ताकद काठीची होत नाही. तुम्हाला हल्ला करायचाच असेल तर तिथे करा, इंपेटस दगडाचा *स्वतःचा* झाला का, ह्यावर.

---

जुनी वही

गझालींबद्दल थोडी भर. पॅसेंजरदादा, तुमच्या लेखावरून असं वाटतं की ॲक्वायनसने गझाली वाचून उत्तर दिलं. तसं नव्हतं. लॅटिन जगाला गझाली माहीत होते ते त्यांच्या एका वेगळ्याच पुस्तकामुळे, ज्यात त्यांनी तत्त्वज्ञांची मतं काय आहेत ती नीट समजावून दिलीयेत, खंडन नंतरच्या पुस्तकात. पहिलं पुस्तक १२व्या शतकात लॅटिनमध्ये गेलं, त्यामुळे पॅरिसमध्ये लोक त्यांना इब्न सीनाचा चेला समजायचे! ज्या माणसाने इब्न सीनाचं खंडन करायला लेखणी उचलली त्याच्या वाट्याला हे. कापसाचा उतारा ज्या पुस्तकात आहे ते लॅटिनमध्ये आलं ते १३२८ मध्ये, तेही इब्न रुश्दच्या उत्तरातल्या उताऱ्यांमधून. ॲक्वायनसला 'विस्तव जाळत नाही' म्हणणारी मंडळी माहीत होती ती मुख्यतः ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडिसच्या पुस्तकातून, त्याने अशअरी कलामवाल्यांचं (गझालींच्याच परंपरेतल्या मुस्लिम धर्मशास्त्र्यांचं) मत तपशिलात दिलंय.

आणि गझालींना इतकं कावळा-फांदीवाले करून टाकू नका हो. स्वतःवरचा आक्षेप त्यांनी स्वतःच मांडलाय, आणि फार मजेशीर मांडलाय. की बाबा, तुझं खरं मानलं तर माणूस म्हणेल मी घरी पुस्तक ठेवून आलोय पण आत्तापर्यंत त्याचा मुलगा झाला असेल, पाण्याचं भांडं ठेवून आलो त्याचं सफरचंदाचं झाड झालं असेल. त्यावर त्यांचं उत्तर असं की हे शक्य आहे, पण ते होणार नाही हे ज्ञानही देवच आपल्यात निर्माण करतो, नेहमीचा रिवाज पाहून पाहून ते आपल्या मनात घट्ट बसतं. आणि त्याच प्रकरणात ते दुसरा रस्ताही देतात, की विस्तवाला स्वभाव आहे असं मानलं तरी देव तो स्वभाव किंवा जळणाऱ्याचा गुण बदलू शकतो. ते नक्की कुठल्या रस्त्याचे ह्यावर आजही अभ्यासक भांडतायत.

---

भुसावळ पॅसेंजर

जुनी वही ताई, दंडवत. हे मूळ लेखात हवं होतं. त्या सफरचंदाच्या झाडासाठी विशेष आभार, वॉशिंग मशीनमधल्या मोज्यांचं काय होतं ते कळलं.

---

अण्णा फुरसुंगीकर

आपल्या न्यायदर्शनात हे सगळे अधिक सूक्ष्म आहे. कार्याच्या आधी नियमाने असणारे आणि अन्यथासिद्ध (म्हणजे ज्याच्यावाचून अडत नाही असे) नसणारे ते कारण. मडक्याच्या आधी कुंभाराचे गाढवही हजर असते, माती वाहून आणते, पण ते कारण नव्हे. समवायी, असमवायी, निमित्त असे तीन भेद. पाश्चात्त्यांना हे सगळे कुठे होते?

---

भुसावळ पॅसेंजर

अण्णा, गाढवाचा प्रश्न त्यांनाही पडला होता, फक्त गाढव वेगळं. ऑकमची (साधारण १२८७-१३४७) कारणाची कसोटी जवळजवळ आपला अन्वय-व्यतिरेकच आहे: बाकी सगळं तसंच ठेवून अमुक असलं तर कार्य होतं, आणि अमुक काढलं तर होत नाही, तर ते अमुक कारण. फक्त तो पुढे आणखी एक पाऊल टाकतो, की हे कळतं ते अनुभवातून, नुसत्या व्याख्या घोकून विस्तवातून जळणं निघत नाही. आणि त्याच्याही पुढे, की विस्तव जवळ आणला की जळतं हे दिसतं खरं, पण देवाने असंही ठरवलेलं असू शकतं की विस्तव हजर असताना जाळणार मी एकटाच. हे खोटं आहे असं *सिद्ध* करता येत नाही. ऑकमला स्वतःला विस्तव जाळतो ह्यात शंका नव्हती, सिद्धतेबद्दल होती. न्यायावर तुम्ही स्वतंत्र धागा काढा, मी पहिला वाचक.

---

रिकामटेकडा

एक बेसिक प्रश्न, चर्चमध्ये बसून असं बोललेलं चालायचं? जाळत नव्हते का ह्यांना?

---

भुसावळ पॅसेंजर | चालायचं, आणि कधीकधी चर्चनेच बोलायला लावलं

हा भाग लोकांना खोटा वाटतो. १३व्या शतकाच्या सुरुवातीला, १२१० मध्ये, पॅरिसला अरिस्टॉटलची निसर्गावरची पुस्तकं शिकवायला बंदी होती. १२५५ पर्यंत तीच पुस्तकं कला शाखेचा सक्तीचा सिलॅबस झाली. शिकवणारे काही मास्तर मग इतके अरिस्टॉटलमय झाले की देव सुद्धा अमुक करू शकत नाही, तमुक करू शकत नाही असं वर्गात बोलायला लागले. तेव्हा ७ मार्च १२७७ ला, म्हणजे ॲक्वायनस वारला त्याच्या बरोबर तिसऱ्या वर्षदिनी, पॅरिसचा बिशप एतिएन तांपिए ह्याने २१९ विधानांची यादी काढली की हे शिकवाल तर धर्माबाहेर. त्यात एक असं की 'दुय्यम कारणाचं कार्य देव त्या दुय्यम कारणाशिवाय करू शकत नाही'. हे म्हणायला बंदी. म्हणजे देव विस्तवाशिवाय कापूस जाळू शकतो हे आता मानणं भाग. काही विधानं ॲक्वायनसला पण चाटून जात होती, तो १३२३ ला संत झाला आणि मग १३२५ मध्ये पॅरिसच्याच बिशपने सांगितलं की त्याच्यापुरती ती बंदी मागे.

आता वर्गात बसलेल्या हुशार पोराच्या डोक्यात काय येणार? देव विस्तवाशिवाय जाळू शकतो, मग काल शेगडीत जे जळलं ते विस्तवाने जळलं कशावरून? चर्चला देवाची ताकद राखायची होती, पोरांच्या हातात संशयाचं हत्यार आलं. कोणी ठरवून केलं नाही.

ह्याला अजून एक कारण होतं जे आपल्याकडे कोणी सांगत नाही, ते म्हणजे मिस्सा, चर्चमधली भाकरी-वाइनची उपासना. भाकरीचं ख्रिस्ताचं शरीर होतं पण रंग, चव, वास भाकरीचाच राहतो. म्हणजे गुण शिल्लक आणि ज्याचे गुण ते द्रव्य गायब. हे कसं? ॲक्वायनसने इथे एका अरबी मार्गाने आलेल्या ग्रंथाचं पहिलंच सूत्र वापरलं, की पहिलं कारण दुसऱ्या कारणापेक्षा कार्यावर जास्त प्रभाव टाकतं, त्यामुळे दुसरं काढलं तरी पहिलं कार्याला धरून ठेवू शकतं. हा ग्रंथ सगळे अरिस्टॉटलचा समजायचे, पॅरिसच्या सिलॅबसमध्ये अरिस्टॉटल म्हणूनच होता. १२६८ मध्ये मूरबेकच्या विल्यमने ग्रीक तत्त्वज्ञ प्रोक्लसच्या ग्रंथाचं लॅटिन भाषांतर केलं, ते वाचून ॲक्वायनसच्या लक्षात आलं की अरे हा तर प्रोक्लसमधून उचललेला माल आहे. त्या काळी ना सर्च ना काही, नुसतं वाचून पकडलं.

---

लिंबूसरबत

वेदीवर काय होतं हे समजावताना कापसाचं लॉजिक तयार झालं, हे मस्तच.

---

मडगांवकार

आमच्याकडे घरात ह्या विषयावर जेवताना भांडणं व्हायची, कारण माझे एक मामा सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, शिकले होते आणि नंतर सोडून आले, पण लॅटिन विसरले नाहीत. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८७९ मध्ये फर्मान काढलं तेव्हापासून सेमिनऱ्यांमध्ये थॉमस पाठ. पुण्याला नगर रोडवर पेपल सेमिनरी आहे, १९५५ मध्ये कँडीहून हलवली, तिथल्या लायब्ररीत असल्या विषयावर ढिगाने सापडेल ज्यांना वाचायचंय त्यांना.

मिस्साचा विषय निघालाच आहे म्हणून संस्कारांचं सांगतो, बाप्तिस्म्याचं पाणी वगैरे. पाण्याने कृपा मिळते ती पाण्यात काही शक्ती असते म्हणून, की देवाने करार केलाय म्हणून? एका पक्षाचं म्हणणं करार. त्यांचं उदाहरण शिशाच्या नाण्याचं. राजाने हुकूम काढला की हे शिशाचं नाणं जो दाखवेल त्याला शंभर पाउंड द्या, तर शिशात काय आहे? काही नाही, हुकूम आहे. ॲक्वायनसला हे पटलं नाही, त्याच्या मते मग संस्कार ही नुसती खूण झाली, कारण राहिलं नाही. पण मला विचाराल तर करारवाल्यांचं चांगलं होतं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता आपण सगळ्यांनीच पाहिलं की कागदात काय असतं नि हुकुमात काय असतं.

---

तर्कटराव

मडगांवकार +१. आणि हेच विस्तवाला लावलं की झाला गझाली. निसर्गाचे नियम म्हणजे राजाचा हुकूम.

---

भुसावळ पॅसेंजर

बरोब्बर, आणि म्हणूनच ॲक्वायनस तिथे अडून बसला. एकदा पाण्यासाठी मान्य केलं की विस्तवासाठी नाही म्हणायला तोंड राहत नाही.

---

डॉ. चिमटा

प्रयोजनाचं काय झालं? आम्ही रोज म्हणतो हृदय रक्त ढकलण्या*साठी* आहे. फायनल कॉज म्हणे विज्ञानाने १७व्या शतकात हाकलला.

---

भुसावळ पॅसेंजर

डॉक्टर, हाकलायला सुरुवात त्याआधीच झाली होती. इब्न सीना आणि त्याच्या मागे ॲक्वायनस म्हणायचे की प्रयोजन हे कारणांचं कारण, कारण कशासाठी हे नसेल तर करणारा हालणारच नाही. अडचण सरळ आहे: पेशंट बरा होणं हे औषध देण्याचं कारण, पण बरं होणं अजून झालेलंच नाही, जे नाही ते काम कसं करतं? उत्तर असं की ते वैद्याच्या मनात हेतू म्हणून असतं. ठीक. पण विस्तवाला मन नाही. ॲक्वायनस म्हणाला बाणालाही नसतं, तरी तो निशाण्यावर जातो, कारण तिरंदाज आहे, मग विस्तवामागेही कोणीतरी आहे. ऑकम म्हणतो की श्रद्धा बाजूला ठेवून फक्त बुद्धीने चालणारा माणूस सरळ सांगेल, निसर्गाच्या कामात 'कशासाठी' हा प्रश्नच लागू होत नाही, विस्तव कशासाठी पेटतो हे विचारायचं कारण नाही. बुरीदानही साधारण तिकडेच झुकतो, चिमणी घरटं बांधते तेव्हा पुढे होणारी पिल्लं तिला ओढत नाहीत, आत्ता तिच्यात जे काही आहे ते ढकलतं.

तुमच्या फील्डचा आणखी एक पॉइंट. औषध लागू पडतं हे किती वेळा पाहिलं म्हणजे कळलं म्हणायचं? इब्न सीना स्वतः वैद्य, त्याचं उदाहरण स्कॅमनी नावाच्या रेचक मुळीचं, परत परत पित्त पडतं म्हणजे योगायोग नाही. स्कोटसने त्याचा नियम केला की जे कारण स्वेच्छेने वागत नाही त्याच्यापासून बहुतेक वेळा जे होतं ते त्याचं स्वाभाविक कार्य. ट्रायल घेताना तुम्ही आजही ह्याच्यावरच उभे असता.

---

डॉ. चिमटा

आम्ही कंट्रोल ग्रुपवर उभे असतो. पण ऑकमचं 'काढून बघा' ते तेच म्हणा.

---

रिकामटेकडा

माझ्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर मिळालं. जाळलं का नाही कोणाला?

---

भुसावळ पॅसेंजर | माणूस नाही, कागद जाळले

ओत्रकूरचा निकोलस. जन्म साधारण १३००, पॅरिसचा मास्तर. बर्नार्ड ऑफ अरेझ्झो नावाच्या फ्रान्सिस्कन संन्याशाला त्याने नऊ पत्रं लिहिली, त्यातली दोन पूर्ण शिल्लक आहेत. म्हणणं असं की खरी खात्री फक्त तिथे जिथे उलट म्हटलं तर वदतोव्याघात होतो, म्हणजे आपलंच बोलणं आपण खोडतो. आता एक गोष्ट आहे ह्यावरून दुसरी गोष्ट आहे असं तुम्ही काढता, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना, मग पहिली आहे नि दुसरी नाही ह्यात वदतोव्याघात कुठला? तागाच्या बोळ्याजवळ विस्तव आणला, मध्ये काही अडथळा नाही, म्हणून बोळा पेटेल, हे अनुमान त्या अर्थाने पक्कं नाही. पूर्वी पेटला म्हणून आता पेटेल हा मनाला लागलेला अंदाज. कापसापासून तागापर्यंत अडीचशे वर्षं गेली बघा. आणि पुढे म्हणतो की अरिस्टॉटलला त्याच्या सगळ्या निसर्गशास्त्रात आणि मेटाफिजिक्समध्ये अशी पक्की खात्री जेमतेम दोन निष्कर्षांची असेल, कदाचित एकाचीही नसेल. ज्याचं पुस्तक वर्गात शिकवून पगार मिळतो त्याच्याबद्दल हे!

१३४० मध्ये पोपने आव्हिन्यॉंला बोलावून घेतलं, चौकशी रेंगाळली, १३४६ मध्ये निकाल लागला, आणि १३४७ च्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये जाहीरपणे त्याने विधानं मागे घेतली, लिखाण जाळलं. ते कागद विस्तवाने जळले की देवाने, हा विनोद मी करणार नाही, तर्कटराव करतील. नंतर मेट्झच्या कॅथेड्रलचा डीन झाला, म्हणजे आयुष्य काही वाया गेलं नाही.

---

तर्कटराव

विनोद चोरलात. पण मग कार्यकारण ही मनाची सवय म्हणणाऱ्या ह्यूमने १८व्या शतकात काय नवीन केलं? सगळी पुस्तकं त्याच्यापासून सुरू करतात.

---

भुसावळ पॅसेंजर

रॅशडॉल नावाच्या इंग्रज विद्वानाने २०व्या शतकाच्या सुरुवातीला निकोलसला मध्ययुगीन ह्यूमच म्हटलंय. मला ते लेबल आवडत नाही. निकोलस नुसता संशयी नव्हता, तो अणुवादी होता, वस्तू नष्ट होत नाहीत, अणू एकत्र येतात नि पांगतात, हे अरिस्टॉटलपेक्षा जास्त संभाव्य आहे असं त्याचं म्हणणं. त्याला अरिस्टॉटलची खुर्ची रिकामी करून तिथे दुसरं काहीतरी बसवायचं होतं. ह्यूमला मनाच्या सवयीचं शास्त्र करायचं होतं.

मला स्वतःला ह्या सगळ्यात बुरीदानचं उत्तर सगळ्यात शहाणं वाटतं. तो म्हणतो निकोलसला हवी तशी खात्री गणितात मागा. निसर्गात, नेहमीचा क्रम चालू आहे हे गृहीत धरून जी खात्री मिळते ती पुरेशी आहे, देवाने मध्ये हात घातला तर ती मोडेल, ठीक आहे. पण तेवढ्यावरून विज्ञान आणि नीतिशास्त्र मोडीत काढणारे लोक वाईट काम करतात. ह्याच्यावर आपण अजून चालतोय, निकोलसवर नाही. तुम्ही नाही का विमानात बसत?

---

मडगांवकार

शेवटचा मुद्दा राहतोय, सांगूनच टाकतो. सेंट-पूर्सँचा ड्यूरँडस (१३३४ ला वारला), ॲक्वायनसच्याच डॉमिनिकन संघातला पण त्याच्याशी फटकून. तो म्हणाला शंभर-शंभरचं गणित कशाला? देव विस्तवाला अस्तित्वात ठेवतो, त्याची ताकद टिकवतो, बास. जाळायचं काम विस्तव बघून घेईल. आजच्या बहुतेक श्रद्धाळू लोकांचं मत हेच असतं, त्यांना माहीत नसतं ते ड्यूरँडसचे आहेत.

ह्याला खरं उत्तर दोन-अडीचशे वर्षांनी मोलिना आणि सुआरेझ ह्या जेझुइट संघातल्या पाद्र्यांनी दिलं. सुआरेझचं जाडजूड पुस्तक १५९७ चं, त्यात १२ ते २७ अशी सोळा प्रकरणं निव्वळ कारणांवर, आणि त्याच वर्षी तो पोर्तुगालात कोइंब्राला शिकवायला गेला. गोव्यात सेंट पॉल कॉलेजात शिकवणाऱ्यांपैकी कितीतरी जेझुइट कोइंब्राहून तयार होऊन लिस्बनला जहाजात बसलेले, त्यामुळे हा वाद आमच्या मांडवी काठाला परका नाही. तर उत्तर असं: बायबलमध्ये दानियेलाच्या पुस्तकात नबुखद्नेस्सर तीन तरुणांना भट्टीत टाकतो आणि ते जळत नाहीत. ड्यूरँडस खरा असेल तर विस्तव जाळायला मोकळा आहे, देवाला त्याला थांबवायचं तर मध्ये काहीतरी आडवं घालावं लागेल, म्हणजे देवाला स्वतःच्याच विस्तवाशी झुंजावं लागेल. पण विस्तवाच्या प्रत्येक कामात देवाची साथ लागत असेल तर त्याने फक्त साथ दिली नाही, विस्तव तसाच धगधगीत, बाहेरच्या लोकांना जाळतोय, आणि आतले तिघे फिरतायत.

---

जुनी वही

हे आर्ग्युमेंट म्हणून जबरदस्त आहे, पण चमत्कार आधी मानला तरच. ड्यूरँडस म्हणेल आडवं घातलं तर काय बिघडलं, देवाला जड जातं का?

---

मडगांवकार

मामा पण हेच विचारायचे ताई, म्हणूनच बहुतेक सेमिनरी सोडली.

---

अण्णा फुरसुंगीकर

न्यायावरचा धागा लिहायला घेतला आहे. गाढवापासून सुरुवात करतो. भट्टीतल्या तिघांचे तेवढे ईश्वरकर्तृत्वाच्या भागात घेईन, मडगांवकार, तेव्हा हजर राहा.